चौथ्या फिल्ममधला बाप

पडद्यावर रणोजीरावांनी त्या दिवसात तिसऱ्यांदा एका लेकराला घराबाहेर काढलं, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. "आचे होगो," बाहेर हो, असं कन्नडमध्ये ओरडून त्यांनी दार आपटलं, फिल्म संपली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयलक्ष्मीपुरम भागातल्या त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलेले खरे रणोजीराव गुडघा चोळत राहिले. सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांचं अंग आंबून गेलं होतं.

पोरीवर जीव जडलेली पोर, पोरावर जीव जडलेला पोर, अशांच्या दहा-दहा मिनिटांच्या फिल्म. त्यांचा हा महोत्सव वर्षातून एकदा भरायचा. फिल्म करणारी सगळी विशी-पंचविशीतली. प्रत्येकाला गोष्टीत एक बाप लागायचा, आणि खरे बाप काही फिरकत नसत. मग कुणीतरी रणोजीरावांचं नाव काढायचं. मेटगळ्ळीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ मशीन चालवलेला माणूस, कारखान्याच्या नाटकांत कायम राजा नाहीतर राक्षस. झुपकेदार मिशा आणि तीन गल्ल्या ऐकू जाईल असा आवाज. "अंकल, तुमच्यासारखा बाप कुणाला जमत नाही," पोरं म्हणायची.

जमेल कसा? तो घरचाच होता. नऊ वर्षांपूर्वी रणोजीरावांनी हेच आपल्या दारात उभं राहून आपल्या मुलाला, शरतला, सुनावलं होतं. जीव जडलाय म्हणून शरतनं एका मुलाचं नाव घेतलं, एवढंच निमित्त. ऐन उन्हात, वाढलेल्या ताटावरून उठून तो गेला. चपलासुद्धा घातल्या नाहीत. तो बेंगळुरूला असतो असं कानावर येई. बापाचा फोन तो उचलत नसे.

म्हणून तर हा म्हातारा ही कामं घ्यायचा. या फिल्म एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरतात असं त्यानं ऐकलं होतं. कधीतरी शरतच्या हाती एखादी लागेल, बापाचं तोंड त्याला दिसेल, एवढी एकच आशा. यंदाच्या तिसऱ्या फिल्मचं शूटिंग झाल्यावर मात्र बायकोनं, सुमित्राबाईंनी, भाजी निवडता निवडता विचारलं, "नोडी, बघा, तुम्ही त्याला दिसलात तरी करताय काय? परत हाकलताच की." रणोजीरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

चौथी फिल्म वर्षिणीची. ही नाशिकहून आलेल्या नोकरदारांची मुलगी, राहायला त्याच शहरात, बोगादीला. तिथंच एका फ्लॅटमध्ये शूटिंग झालं. दारात नील, म्हणजे गोष्टीतला मुलगा, पाठीवर सॅक. रणोजीरावांनी ओरडायला तोंड उघडलं आणि भलतंच झालं. कन्नड वाक्य बाजूलाच राहिलं, ते घरच्या मराठीत बोलून बसले, "शरत, ऊन फार आहे रे. जेवून जा."

"काका, त्याचं नाव नील आहे," वर्षिणी म्हणाली.

"चुकलं ग. पुन्हा घे."

दुसऱ्या खेपेला त्यांनी ठरल्याप्रमाणे ओरडून दार आपटलं. यातलं वर्षिणीनं ठेवलं कोणतं, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि यांचा विचारायचा धीर झाला नव्हता. तेवढं बघायला ते आज सकाळपासून बसले होते.

त्यांच्या मनगटाला लाल रिबीन होती. दारातच रिबिनी बांधत होते. पिवळीवाल्याचा फोटो काढलेला चालतो, लालवाल्यावर कॅमेरा धरायचा नाही, असा इथला कडक नियम. घरी न सांगता आलेली पोरं लाल बांधायची, आणि सदुसष्ट वर्षांचे रणोजीरावही दर वर्षी लालच मागून घ्यायचे. पडद्यावर दिसलं तर भाऊबंदांना सांगता येतं, नाटक आहे ते, सोंग. या खुर्चीवर बसलेलं दिसलं तर काय सांगणार?

दिवे मालवले. वर्षिणीची फिल्म लागली. दार आलं, नील आला, सॅक आली. रणोजीरावांनी डोळे मिटून घेतले.

"शरत, ऊन फार आहे रे. जेवून जा."

त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर नील झालेला मुलगा गोंधळून उभा होता. हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मग त्यानं हळूच सॅक खाली ठेवली. फिल्म तिथंच संपली. टाळ्या जरा उशिरा वाजल्या.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं उठून कन्नडमध्ये विचारलं, मुलाचं नाव तर नील आहे, मग बाप शरत कुणाला म्हणतो? चूक राहून गेली का?

वर्षिणीनं मागे बघितलं. "ते काकांनाच विचारा," असं म्हणून तिनं माईक मागे धाडला. सगळ्या माना वळल्या. ही प्रश्नोत्तरं संध्याकाळी नेटवर टाकायची म्हणून अवनी नावाची मुलगी कॅमेऱ्यावर घेत होती. ती लगबगीनं शेवटच्या रांगेपाशी आली, तिला लाल रिबीन दिसली आणि तिनं मुकाट्यानं कॅमेरा खाली केला.

रणोजीराव खुर्चीला धरून उभे राहिले. एका हातात माईक. दुसऱ्या हाताचं मनगट त्यांनी अवनीपुढे केलं.

"ही आधी सोड, पोरी. मग बोलतो. हे नाटक नाही, शरतला माझं तोंड दिसलं पाहिजे."