शेवटची तक्रार
"या महिनाअखेर तुमची नोकरी संपतेय," हे वाक्य विभागप्रमुख बाईंनी सकाळपासून मनात घोळवलं होतं. सगळे ज्यांना काका म्हणत ते कंपनीचे तंत्रज्ञ घरून व्हिडिओ कॉलवर आले होते. बाईंनी ते वाक्य एका दमात म्हटलं आणि तेवढ्यात लॅपटॉपला सगळ्या तारा जोडणाऱ्या डॉकने नेहमीसारखी मान टाकली. पडदा, आवाज, इंटरनेट, सगळं गेलं. आता पुन्हा तेच म्हणायचं, या विचारानेच त्या खचल्या. काकांचाच फोन आला. "मॅडम, परत डॉक ना? केबल काढा, फुंकर मारा, उलटी करून लावा. दाबू नका, रुसतो तो." पडदा उजळला, काका दिसले. "डॉकखाली पुठ्ठ्याची घडी ठेवा, केबलवर ताण येणार नाही. पुढे कुणाला विचारणार?" बाई थबकल्या. "म्हणजे ऐकू आलं होतं?" "आलं ना. पण तुमची तक्रार माझ्याकडे कधीची पडून होती. म्हटलं, मिटवूनच जावं."