बाहेरची कडी

घरात जिचं नाव काढायची सोय नव्हती, त्या आपल्या आत्यावरच दिग्दर्शकाने सिनेमा काढला. आजीने तिला कोंडलं होतं ती खोली स्टुडिओत हुबेहूब उभी राहिली. भिंती तीनच, चौथ्या बाजूला कॅमेरा. दाराला बाहेरून कडी बसवलीच नव्हती. ती दिसणार कुणाला?

आत्याचं काम करणारी नटी दारावर मुठी आपटत होती.

मॉनिटरपाशी बसलेले बाबा म्हणाले, "ताई अशी नाही वाजवायची. तळहाताने वाजवायची. हळू."

"थांबा, मी दाखवतो तिला." दिग्दर्शक आत शिरला, नटीला बाजूला करून दारापाशी गेला आणि बाळाला थोपटावं तसं त्याने दार थोपटलं.

"असं ना, बाबा?"

दारापलीकडे लोखंड लोखंडावर सरकलं.

"चेष्टा पुरे झाली," म्हणत त्याने दार ओढलं. ते हललं नाही. वैतागून तो कॅमेऱ्याकडे वळला, तर तिथे भिंत होती. जुनी, पोपडे आलेली. नटी कुठेच नव्हती.

त्याने पुन्हा दार थोपटलं. हळू.

बाहेरून एक लहान मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, "ताई, गप्प बस ना. नाहीतर आई मलापण आत टाकेल."