दोन ते चार

बायको वारल्याला महिना झाला. तिला धरून चालता यावं म्हणून भिंतींना लावलेले स्टीलचे दांडे मी काढायला घेतले. बसवले होते याच कॉर्डलेस ड्रिलनं. आधी बाथरूममध्ये, मग पॅसेजमध्ये, शेवटी पलंगापाशी. आता तेच उलटं फिरवत होतो. बारा वर्षांची बॅटरी दर चार स्क्रूंनंतर मान टाकत होती, पण मला घाई नव्हती. बेल वाजली. दारात खालचे आगाशे. “अहो, घड्याळ बघा. दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, हा नियम सोसायटीत तुम्हीच आणलात ना?” आणला होता, तिच्याच झोपेसाठी. त्यांची नजर जमिनीवरच्या दांड्यांवर गेली. “यांचं काय करणार?” “भंगारात देईन.” ते हलले नाहीत. “पलंगापाशीचा नको. बाथरूममधला द्याल? आमची ही काल पडली.” मी बॅटरी चार्जिंगला लावली. “चार वाजता येतो. वहिनींना झोपू द्या.”