दादाचं नाव नको

"दादाचं नाव नको," अक्षया म्हणाली, आणि वकीलबाईंचा हात कीबोर्डवरच थांबला.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या लहानशा ऑफिसात वडील आणि दोन्ही मुलं बसली होती आणि वडिलांचं मृत्युपत्र जवळपास तयार झालं होतं. वडिलांच्या, म्हणजे श्यामकांतांच्या, माघारी फ्लॅट विकायचा आणि पैशांचे दोन भाग करायचे. कौस्तुभचा भाग त्याच्या हातात. अक्षयाचा भाग मात्र ट्रस्टमध्ये, आणि ट्रस्टी कौस्तुभ. तिला दरमहा घरखर्च मिळेल. त्याहून जास्त लागलं, तर थोरल्या भावाकडे मागायचं.

श्यामकांतांना वाटलं, ज्याची भीती होती तेच झालं. पोरीला पैसे स्वतःच्या हातात हवेत.

ते फौजेतले निवृत्त सुभेदार. मुलीच्या आजाराचं नाव त्यांना फार उशिरा कळलं. बायपोलर. एरवी घरातलं सगळ्यात शहाणं माणूस म्हणजे अक्षया. शाळेत चित्रकला शिकवायची, गोळ्या वेळेवर घ्यायची. पण झटका आला की तिची झोप उडायची आणि पैसा पाण्यासारखा वाहायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी तिनं फरीदाबादला दुकान भाड्यानं घेतलं, त्यात शिलाई मशिनं आणून ठेवली आणि त्यासाठी आईचे दागिने गहाण टाकले. तिला साधं बटण लावता येत नव्हतं.

शेवटी कौस्तुभनं तिचं बँकेचं कार्ड काढून घेतलं. तेव्हा सोसायटीच्या गेटवर उभं राहून ती त्याला जे काही बोलली, ते गार्डनं ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं. कौस्तुभ खाली मान घालून ऐकत राहिला. मग मानेसरच्या कारखान्यातून सुट्टी काढून हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसला तोही तोच. बरी होऊन घरी आल्यावर अक्षयानं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. तिला त्यातलं काही आठवतच नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. तिची आई तर तेवढंच समाधान घेऊन गेल्या वर्षी गेली.

"का गं? दादावर विश्वास नाही तुझा?" श्यामकांतांचा आवाज चढला.

"बिल्कुल आहे, बाबा." अक्षया शांत होती. "पण मला पुन्हा झटका येणार. गोळ्या घेऊनही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा मी पैसे मागायला जाईन, आणि जो नाही म्हणेल त्याला मी सोडणार नाही. मी काय काय बोलू शकते ते मला माहीत आहे. गेटवरचा एकेक शब्द मला आठवतो."

कौस्तुभनं मान वर केली. "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? दुसऱ्या दिवशी तू हॉस्पिटलात माझ्यासाठी डबा घेऊन आलास."

श्यामकांत मुलीकडे पाहत राहिले. बर्फातल्या चौकीवर हसत हसत जाणारी पोरं त्यांनी पाहिली होती. स्वतःच्याच उद्याच्या वेडाकडे असं डोळे उघडे ठेवून पाहणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि ते त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटाशेजारी बसून जेवत होतं.

अक्षया वकीलबाईंकडे वळली. "मॅडम, ट्रस्टी कोई बाहर का हो सकता है? बँक जैसा कोई?"

"हो सकता है," वकीलबाई म्हणाल्या. "कंपनियाँ हैं, यही काम करती हैं. फीस लगती है, बस."

"परकी माणसं तुला काय ओळखणार?" कौस्तुभ म्हणाला. "मी सांभाळतो ना. तुला बोलायचं ते बोल, मला चालेल."

"तुला चालेल रे. मला नाही चालणार. एक दिवस तू यायचा बंद होशील."

तो काही म्हणणार होता, पण तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं.

"पैसे कोणाकडेही ठेवा, बाबा. तुमच्यामागे माझ्या वाट्याला दादा राहू द्या."