दोन इंच खाली

तिसऱ्या स्पीडब्रेकरपाशी शिरीषने पुन्हा गाडी थांबवली. "आई, उतर ना जरा. वजन असलं की खालून घासते."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मालिनीबाई टाके काढायला निघाल्या होत्या. त्या दवाखान्यात असताना लेकाने स्टाइलसाठी आखूड स्प्रिंगा निवडून गाडी दोन इंच खाली बसवून घेतली होती. दोनदा त्या काठी टेकत उतरल्या, चढल्या.

"एकच इंच उतरवणाऱ्या स्प्रिंगाही होत्या गं," तो बॉनेटकडे कौतुकाने पाहत म्हणाला, "पण त्यात मजा नाही."

पोटच्या पोराची किळस येऊ शकते, हे त्यांना आज कळलं. त्या उतरल्या. गाडी पलीकडे गेली, तेव्हा त्यांनी रिक्षाला हात केला.

"अगं, बस ना!"

"तू जपून ने गाडी," त्या म्हणाल्या. "लागेल तिला."