तिरक्या देठाचं महाळुंग

गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी पेडण्यातलं एक जुनं घर, डागडुजी करून राहायचं म्हणून, कुळागरासकट, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेसकट, बघायला गेलो. बागेतलं एक महाळुंग न विचारता, सुरीने देठ तिरका कापून काढलं, पिशवीत टाकून वर गाठ मारली.

घर दहा वर्षं बंद होतं. बाग राखणाऱ्या गुरुदासने गंजलेलं कुलूप फोडलं.

देवखोलीत माटोळी टांगलेली होती. चतुर्थीला गणपतीवर बांधतात तशीच, ताज्या फळांची. चतुर्थी होऊन तीन महिने झाले होते.

"घर खपावं म्हणून बांधलीस ना ही?"

"कुलूप तुमच्यासमोरच फोडलं न्हय?" गुरुदास वर बघत नव्हता.

नारळ, सुपारीचा घड, आणि मधोमध तिरक्या देठाचं महाळुंग. काप अजून ओला होता.

मी पिशवी चाचपली. गाठ तशीच घट्ट होती. आत काही नव्हतं.