छातीवरचा चांद

तुळसाबाईची बकरी काळ्या कुत्र्यानं फाडली, तेव्हा मारेगावात संशय दोनच कुत्र्यांवर आला. दोघे एकाच वेताचे, काळेभोर. फक्त उकंडाच्या चांद्याच्या छातीवर पांढरा ठिपका होता. बाबारावच्या शेरूच्या अंगावर पांढरा केसही नव्हता.

"अंधारात छातीवरचा चांद मी माह्या डोयानं पाह्यला," बाबाराव पंचांपुढं म्हणाला.

नागपूरला दीक्षा घेताना तो आणि उकंडा एकाच रांगेत उभे होते. खोटं बोलणार नाही, हे वचन दोघांनी बरोबरच दिलं होतं. उकंडानं पुढं काही विचारलं नाही. घरी जाऊन त्यानं स्वतःच चांद्याला विष घातलं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी आणखी एक बकरी मेलेली सापडली. उकंडा तडक बाबारावच्या अंगणात गेला. शेरू शेपूट हलवत जवळ आला. काळ्या अंगावर काहीच दिसत नव्हतं, पण त्याला थोपटलेला उकंडाचा हात लाल झाला.

"तुले मालूम होतं?"

बाबारावनं मान खाली घातली. "शेरूबिगर माहं वावर कोन राखन, उकंडा? तुहा त निरा लाडाचा होता."

"हो," उकंडा म्हणाला, "म्हनूनच त्यानं माह्या हातची भाकर न हुंगता खाल्ली."